अर्धवट सोडलेलं अक्षर : ख्रिस्ती माणूस आणि त्याचा दिवस

रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर दोन माणसं भेटली की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "काय करणार, वेळच मिळत नाही." बोलणारा खोटं बोलत नसतो. लोकल, ऑफिस, मुलांच्या परीक्षा, घरातलं आजारपण यात दिवस कुठे जातो ते खरंच कळत नाही. आणि मग मनाला एक टोचणी लागते. आपण ख्रिस्ती म्हणवतो, मग आपला दिवस ख्रिस्ती आहे का? आज आपण या टोचणीचा इतिहास पाहणार आहोत. उपदेश करायला आम्ही उभे नाही. आधीच्या लोकांनी दिवसाचं काय केलं, कुठे त्यांना साधलं आणि कुठे त्यांची गाडी घसरली, एवढंच पाहू.

सुरुवात एका शब्दापासून करू. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वेळेबद्दल एक आज्ञा आहे. आपण तिचा अर्थ 'वेळेचा सदुपयोग' असा घेतो. मूळ ग्रीक क्रियापद आहे 'एक्सागोराझो', म्हणजे विकत घेऊन सोडवणं. गलतीकरांस पत्रात ख्रिस्तानं माणसाला सोडवलं असं सांगताना हेच क्रियापद येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सावकाराकडे गहाण पडलेला दागिना सोडवून आणणं. सदुपयोग म्हटलं की वेळ आपल्या खिशात आहे आणि तो नीट खर्च करायचा आहे, असं वाटतं. सोडवणं म्हटलं की प्रश्न वेगळा होतो : आपला वेळ गहाण कुणाकडे पडला आहे? हा प्रश्न हातात धरून पुढे जाऊ.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना दिवसाचे प्रार्थनेचे प्रहर यहुदी परंपरेतून मिळाले. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र आणि योहान दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी मंदिरात जाताना दिसतात. पुढे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात मठवासी राहू लागले. त्यांची राहणी योहान कॅसियन यांनी पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहून ठेवली. त्यात एक बारीकशी गोष्ट आहे. कोठडीत बसून नक्कल करणाऱ्या मठवाशाच्या दारावर प्रार्थनेसाठी किंवा कामासाठी थाप पडली, की तो सुरू केलेलं अक्षरसुद्धा पुरं करत नसे. आपण कल्पना करू या. 'क' लिहिला, काना द्यायचा राहिला, थाप पडली, लेखणी खाली. काना देऊन उठलं तर काय बिघडलं असतं, असं आपल्याला वाटतं. बिघडलं काहीच नसतं. पण 'एवढं संपवतो आणि येतो' हे वाक्य कुठून सुरू होतं आणि कुठे जाऊन पोचतं, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

हीच शिस्त सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमात बसवली. माँते कासिनोच्या डोंगरावरच्या मठासाठी लिहिलेला हा ७३ प्रकरणांचा नियम पुढे सगळ्या पश्चिम युरोपात पसरला. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, आठवड्यात १५० स्तोत्रं पुरी. ४८व्या प्रकरणात दिवसाची मांडणी आहे. उन्हाळ्यात सकाळी अंगमेहनत, मग दोनेक तास वाचन, दुपारच्या जेवणानंतर चक्क वामकुक्षी. कुणाला त्या वेळी वाचायचं असेल तर वाचावं, पण शेजाऱ्याची झोपमोड करू नये! त्यानंतर पुन्हा काम. आळस हा आत्म्याचा शत्रू आहे, असं याच प्रकरणाच्या सुरुवातीला म्हटलं आहे आणि त्याच प्रकरणात दुपारची झोपही आहे. दोन्ही एकत्र वाचायला हवं.

आणखी एक गोष्ट. त्यांचा तास आपल्यासारखा ६० मिनिटांचा नव्हता. रोमन पद्धतीनं सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा भाग, म्हणजे बारा तास. त्यामुळे उन्हाळ्यातला तास सुमारे ७५ मिनिटांचा आणि हिवाळ्यातला जेमतेम ४५ मिनिटांचा. उजेड असेल तेवढा दिवस.

प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातात असेल ते टाकून निघायचं, कारण देवाच्या कामापेक्षा काहीही मोठं मानायचं नाही, हे ४३वं प्रकरण. पण प्रार्थनेमुळे बाकीची कामं हलकी ठरली का? नाही. मठाचं कोठार सांभाळणाऱ्यानं साधी अवजारं आणि भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असं ३१वं प्रकरण सांगतं. आणि ६६व्या प्रकरणात दारावरचा म्हातारा द्वारपाल येतो. कुणी दार वाजवलं किंवा गरिबानं हाक मारली, की त्यानं लगेच 'देवाचे आभार' म्हणत उत्तर द्यायचं. पाहुणा आला तर त्याच्यासाठी मठाधिपतीनं आपला उपवाससुद्धा मोडायचा. इतकं घट्ट वेळापत्रक, आणि तरी येणाऱ्याला 'नंतर या' नाही. ज्याला हातातलं अक्षर सोडायची सवय झाली आहे, त्यालाच दार उघडायला जमतं. आजच्या व्याख्यानात आम्हांला जे सांगायचं आहे, त्याचा गाभा हाच.

आता घंटेचं पुढे काय झालं ते पाहा. तेराव्या शतकाच्या शेवटी युरोपात यांत्रिक घड्याळं येऊ लागली. चौदाव्या शतकात शहरांमध्ये घंटेचे दुसरे मालकही उभे राहिले. फ्रान्सच्या उत्तरेला एर-सुर-ला-लिस नावाच्या कापड विणणाऱ्या गावाला १३५५ साली घंटेचा मनोरा बांधायची परवानगी मिळाली. कशासाठी? व्यवहाराच्या आणि विणकरांच्या कामाच्या वेळा वाजवण्यासाठी. जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकारानं हे उदाहरण प्रसिद्ध केलं. म्हणजे पाहा, मठातली घंटा वाजली की काम थांबायचं आणि या मनोऱ्यातली वाजली की काम सुरू व्हायचं.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी मठ सोडला. मठ गेला तर मठाचा दिवसही गेला का? १५३५ साली त्यांच्या ओळखीच्या पेटर नावाच्या न्हाव्यानं त्यांना विचारलं, प्रार्थना कशी करावी? ल्यूथर यांनी त्याच्यासाठी एक छोटं पुस्तकच लिहून दिलं. त्यात ते बजावतात की सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम प्रार्थना असू द्या. 'थोड्या वेळानं करतो, आधी हे एवढं उरकू दे' या विचारापासून सावध राहा. पुन्हा तेच अर्धवट अक्षर! आणि दाखला देतात तो न्हाव्याच्याच धंद्यातला. वस्तरा चालवताना नजर इकडेतिकडे गेली तर समोरच्याचं नाक किंवा गळा कापला जाईल. प्रार्थनेतही लक्ष तसंच एके ठिकाणी हवं. मठातला दिवस असा न्हाव्याच्या दुकानात आला.

त्यानंतरच्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत होते. हे मूळचे लोरेन प्रांतातले, आधी सैनिक, लढाईत जखमी झालेले. स्वयंपाकाची त्यांना मुळीच आवड नव्हती, आणि वर्षानुवर्षं वाट्याला तेच आलं. त्यांचं म्हणणं असं, की भांड्यांच्या खडखडाटात, चार जण एकदम हाका मारत असतानाही देव तितकाच जवळ असतो जितका वेदीपुढे गुडघे टेकल्यावर. १६९१ साली ते वारले आणि नंतर त्यांची पत्रं आणि संभाषणं छापली गेली. आमच्या आयाबहिणींना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता इंग्लंड. जेरेमी टेलर यांचं पवित्र जीवनावरचं पुस्तक १६५० साली आलं. त्यात पवित्र जीवनाचं पहिलं साधन सांगितलं आहे वेळेची काळजी. १७२५ साली ऑक्सफर्डच्या एका तरुणानं ते वाचलं आणि आपल्या वेळेचा हिशेब मांडणारी रोजनिशी सुरू केली. हे जॉन वेस्ली. रात्री मध्येच जाग येते, म्हणजे आपण गरजेपेक्षा जास्त झोपतो, असं त्यांनी ठरवलं. गजराचं घड्याळ आणलं. पहिल्या दिवशी सातला उठले, दुसऱ्या दिवशी सहाला, मग पाचला, मग चारला, आणि रात्रीची जाग थांबली! पुढे आयुष्यभर पहाटे चार, आणि पाच वाजता प्रवचन. १७८२ साली त्यांनी वेळ सोडवून घेण्यावर प्रवचन लिहिलं, आधार इफिसकरांस पत्राच्या त्याच वचनाचा, आणि वेळ सोडवायचा कुणाकडून, तर झोपेकडून.

वेस्लींनी वाचवलेला वेळ स्वतःसाठी ठेवला नाही. तुरुंग, खाणकामगार, गरिबांसाठी औषधं, हजारो मैलांची घोड्यावरची रपेट, यातच तो गेला. हे मोठंच आहे. तरी सॅम्युएल जॉन्सन यांची त्यांच्याबद्दलची एक तक्रार बॉसवेलनं नोंदवून ठेवली आहे. वेस्लींचं बोलणं छान असतं, पण त्यांना कधी सवडच नसते, ठरलेल्या वेळी त्यांना उठून जावंच लागतं, आणि पाय दुमडून निवांत गप्पा मारू पाहणाऱ्याची त्यामुळे फार पंचाईत होते. आपण हसतो. पण मठाचा द्वारपाल आणि हे वेस्ली शेजारी शेजारी उभे करा. एकाचा वेळ दार वाजवणाऱ्यासाठी मोकळा आहे. दुसऱ्याचा वेळ देवासाठीच आहे, पण तो मिनिटामिनिटाला आधीच वाटून झाला आहे.

पुढे कारखाने आले. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकारानं १९६७ सालच्या आपल्या गाजलेल्या लेखात दाखवलं, की भल्या पहाटे उठण्याचे, वेळ न दवडण्याचे धार्मिक धडे गिरणीच्या शिस्तीला फार सोयीचे पडले. देवासाठी वेळ सोडवायला निघालेला माणूस तो नकळत गिरणीमालकाकडे गहाण ठेवून आला.

गिरणगावातल्या लोकांना भोंगा काय असतो ते सांगायला नको. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली, त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. लोखंडे सत्यशोधक, ख्रिस्ती नव्हेत. कामगारांसाठी रविवार हा खंडोबाचा वार. पण शब्बाथाची आज्ञा पुन्हा वाचा. तिथे विसावा मालकापुरता नाही. दास, दासी, परका, अगदी बैल आणि गाढवसुद्धा त्यात आहेत. त्या आज्ञेचा हा अर्धा भाग मुंबईत कुणी उचलून धरला, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

मग आपल्या दिवसाचं काय? पहाटे चारला उठा, असं आम्ही सांगणार नाही. पाणी भरायला चारला उठणारी माणसं या सभागृहातही असतील. इतिहासातून एक परीक्षा तेवढी हाती लागते. आज दिवसभरात आपण कुठलं काम अर्धवट सोडू शकलो? प्रार्थनेसाठी, दारात आलेल्या माणसासाठी, आईच्या फोनसाठी? एकही सोडता आलं नसेल, तर आपला वेळ कुणाकडे तरी गहाण आहे. सावकार कोण, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. काहींच्या बाबतीत तो खरोखर मालक असतो आणि पोट त्याच्या हातात असतं. त्यांना आपण 'प्रार्थनेला वेळ काढा' एवढंच सांगून परत पाठवू नये. त्यांच्या सुट्टीसाठी उभं राहणं हाही वेळ सोडवण्याचाच भाग आहे. आणि आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी आहे का, हा प्रश्न घरी गेल्यावर विचारायला हरकत नाही.

घड्याळ सांगतं आहे की आमचीही वेळ झाली. शेवटचा मुद्दा राहिला आहे, पण तो तसाच सोडतो. आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.