सरफॅक्टंट तापवलं की काय होतं? हॉफमन ते एमसीएम-४१

टीजीएत वजन घटलं की आपण पटकन लिहितो, ‘सरफॅक्टंट जळालं’. पण जळणं ही शेवटची पायरी. त्याआधी रेणू तुटतो, आणि ती गोष्ट १८५१ पासूनची आहे. तेव्हा लंडनमध्ये काम करणाऱ्या ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी दाखवलं, की क्वाटर्नरी अमोनियम हायड्रॉक्साइड तापवलं की त्यातून अमाइन आणि अल्कीन वेगळे होतात. पुढे अनेक वर्षं ही अभिक्रिया अमाइनची रचना ओळखायला वापरली गेली.

१९९२ मध्ये मोबिलच्या संशोधकांनी एमसीएम-४१ जाहीर केलं. सीटीएबीच्या कुळातल्या सरफॅक्टंटभोवती सिलिका जमवायची, मग ५४० अंश सेल्सिअसला तापवून सरफॅक्टंट घालवायचं. मागे छिद्रं उरतात. इथे हॉफमन परत भेटतात. २०० अंशांच्या आसपासच हेक्साडेसीन आणि ट्रायमिथाइलअमाइन सुटायला लागतात. उरलेला कार्बन नंतर हवेत जळतो.

म्हणून शुद्ध सीटीएबीचा आलेख आपल्या सिलिकाच्या नमुन्याला जसाच्या तसा लावू नका. शुद्ध क्षारात ब्रोमाइड आयनही रेणू तोडायला हातभार लावतो. सिलिकात त्याच्या जागी बहुतांशी सिलिकेट असतं. जोडीदार बदलला, की तुटण्याची वाटही बदलते.