पेरणीची वेळ : मृग आणि अदरा

लखनौ म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते पंडित भातखंडे आणि १९२६ साली त्यांच्या परिश्रमांतून तेथे उभे राहिलेले संगीत महाविद्यालय. पण शहराची वेस ओलांडून, मलिहाबादच्या आमराया मागे टाकून पुढे गेले की जी लहान लहान शेते लागतात, त्यांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. भात आणि गहू, तूर आणि मोहरी पिकविणारी ही शेते. त्यांच्या धन्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न उभा राहिला आहे : बी नेमके केव्हा टाकावयाचे ?

मराठी शेतकरी तेथे गेला तर त्याला उत्तराची भाषा ओळखीची वाटेल. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही सूर्याच्या नक्षत्रांची शिडी दोन्हीकडे एकच आहे. आपल्याकडे सहदेव-भाडळीची मते, तर अवधात घाघ आणि भड्डरीची वचने. भाडळी आणि भड्डरी ही एकाच परंपरेची दोन रूपे असावीत, असे नावांवरूनच वाटते. घाघ हा अकबराच्या काळी कनौजकडे राहत होता, अशी समजूत आहे. लोकांच्या तोंडी असलेली ही वचने पंडित रामनरेश त्रिपाठी यांनी गोळा केली व ती १९३१ साली प्रयागच्या हिंदुस्तानी अकादमीने छापली.

शिडी एक असली, तरी पाय ठेवावयाची पायरी मात्र वेगळी. महाराष्ट्रात ७ जूनच्या सुमारास मृग निघतो आणि शेतकरी तिफण सज्ज करतो. लखनौत त्याच दिवशी अंग भाजणारी 'लू' वाहत असते. तेथे मान अदऱ्याचा, म्हणजे २१-२२ जूनच्या आर्द्रा नक्षत्राचा. अरबी समुद्रावरून येणारा पाऊस कोकणावर प्रथम कोसळतो. अवधचा पाऊस मात्र बंगालच्या उपसागरावरून निघतो, बिहार ओलांडतो आणि गंगेच्या मैदानातून पुरवैयाबरोबर पश्चिमेकडे सरकत येतो. मृगाचा नियम घेऊन लखनौत कोरडवाहू पेरणी करणाऱ्याचे बी मातीतच भाजून निघावयाचे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, पायरी स्वतःच हलत असते. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातो. वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, मृग आजच्या गणनेने मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागत असे. अकबराच्या काळी जूनच्या आरंभी. म्हणजे घाघाचा अदरा आणि आजचा अदरा यांत सहा-एक दिवसांचे अंतर पडले आहे. वचन तेच राहिले, आकाशातील खूण मात्र सरकली. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने, जीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते, हा घोटाळा स्पष्टपणे मांडला. २२ मार्च १९५७ पासून ऋतूंशी जोडलेले राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. शेतकऱ्याने ते फारसे जवळ केले नाही. त्याची नक्षत्रे निरयनच राहिली.

तोवर दुसरी एक विद्या पुढे आली होती. १८७६-७८ च्या दुष्काळाने सरकार हादरले आणि १८८६ पासून, हिमालयातील बर्फाचा अंदाज घेऊन, मोसमी पावसाचे भाकीत प्रसिद्ध होऊ लागले. १९३२ साली पुण्यात कृषी-हवामान विभाग निघाला. लखनौचे आकाशवाणी केंद्र १९३८ चे. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे आकाशवाणीवरून जाऊ लागली. घाघाच्या जोडीला आता खेड्यात हा दुसरा आवाज आला.

रासायनिक खताविना शेती करणाऱ्याला हा प्रश्न अधिकच जाचतो. पेरणी लांबली तर पिकाला युरियाचा चाबूक मारून पळविण्याची सोय त्याला नाही. त्याचे खतही वेळेचे बांधलेले. होळकरांच्या इंदूरमध्ये सर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी जी कंपोस्टची रीत बसविली व १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, तीत खत तयार होण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणून अदऱ्याला लागणारे खत चैत्रातच घालावे लागते, पावसाचा पत्ताही नसताना.

आणि एक चूक पुढच्या हंगामावर जाते. अदरा कोरडा गेला तर भाताची लावणी लांबते; भात उशिरा निघाला की गव्हाची पेरणी नोव्हेंबर ओलांडते; उशिराचा गहू दाणा भरण्याच्या ऐन वेळी मार्चच्या उष्ण वाऱ्यात सापडून चिमतो. म्हणून लखनौकडचा सावध शेतकरी सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्राकडे डोळे लावून बसतो. त्याला तो 'हथिया' म्हणतो. आपल्याकडे हाच हत्ती पाटावर काढून मुली भोंडल्याचा फेर धरतात. पाऊस माघारी फिरण्याचे हेच दिवस, त्यामुळे हथिया कधी बरसतो, कधी नुसताच गरजतो. तो बरसला तर भाताची शेवटची तहान भागते आणि मोकळ्या रानात ओल राहते. त्या ओलीवर लगेच मोहरी टाकावयाची, की रान गव्हासाठी राखावयाचे, हे त्याला त्याच आठवड्यात ठरवावे लागते.