मारिओचं गाणं, पेण व्हर्जन

पेण-रोह्यात ज्याला आपण 'टीव्ही गेम' म्हणायचो, ती निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ चिपमध्ये आवाजाचे पाचच चॅनेल: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज, एक सॅम्पलचा. १९८५ चा 'सुपर मारिओ' कोजी कोंदोंनी एवढ्यातच बसवला. मारिओ उडी मारतो तेव्हा एक पल्स चॅनेल त्या आवाजाला जातो, गाण्यातला एक सूर तेवढ्यापुरता गायब! ऐकून बघा.

खरी गंमत पुढे. कित्येक नकली चिप्समध्ये पल्सची २५ आणि ५० टक्क्यांची सेटिंग्ज उलटी लागलीयत. सूर तोच, पण नाकातला आवाज भरीव होतो आणि भरीव नाकातला. कॉलेजात यूट्यूबवर मूळ गाणं ऐकलं, तर मला वाटलं हेच बिघडलंय. अजूनही वाटतं.