वेगाचा खेळ : स्वीडनच्या जंगलवाटेवरील 'फार्टलेक'

१/ १९२० च्या दशकात लांब पल्ल्याच्या धावण्यावर फिनलंडचे राज्य होते. पावो नुर्मी हातात स्टॉपवॉच घेऊन धावत असे आणि शेजारचा स्वीडन सतत हरत असे.

२/ या पराभवांवर स्वीडिश प्रशिक्षक यॉस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात उपाय शोधला. त्यांनी खेळाडूंना मैदानातून जंगलातील मऊ पायवाटेवर नेले. वेगासाठी वेगळा दिवस राखला नाही. रोजच्या संथ धावण्यातच ५०-६० मीटरच्या छोट्या धावा पेरल्या. मध्येच तीन-चार झपाट्याची पावले टाकायची, जणू मागून कुणी ओलांडू पाहत आहे! मग श्वास जुळेपर्यंत पुन्हा संथ गती. हाच 'फार्टलेक', म्हणजे वेगाचा खेळ. नाव खेळाचे असले तरी त्यात चढणीवरची जीवघेणी धावही होती.

३/ याच परंपरेत घडलेल्या गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन यांनी १९४२ ते १९४५ या काळात एक मैलाचा विश्वविक्रम ४ मिनिटे ६.४ सेकंदांवरून ४ मिनिटे १.४ सेकंदांवर आणला. मात्र सारे श्रेय पद्धतीला देणे घाईचे ठरेल. स्वीडन महायुद्धात तटस्थ होता. तेथे शर्यती चालू होत्या, तर इतर देशांचे कित्येक धावपटू आघाडीवर होते.

४/ युद्ध संपताच, हौशी खेळाडू असूनही पैसे घेतल्याच्या ठपक्यावरून दोघांवर आजीवन बंदी आली. चार मिनिटांची भिंत अवघ्या दीड सेकंदावर राहिली. हेगचा विक्रम मोडला तो ६ मे १९५४ रोजी, ऑक्सफर्डमध्ये, रॉजर बॅनिस्टरने.