हौशी मंडळींचे ऋण

व्यवसाय सांभाळून सहकाऱ्यांसह गाणेबजावणे करणाऱ्यांकडे पुष्कळदा कौतुकमिश्रित अनुकंपेने पाहिले जाते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये मुंबईत स्थापन केलेली ‘गायन उत्तेजक मंडळी’ ही अशाच हौशी लोकांची सभा होती. दिवसा आपापला उद्योग करणारे सभासद तेथे गुणीजनांकडून शिकत. सतारीचा नाद असलेले विष्णु नारायण भातखंडे १८८४ मध्ये तीत दाखल झाले आणि १८८७ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. विद्या हीच ज्यांची उपजीविका, त्या उस्तादांना आपल्या चिजा जपून ठेवणे भाग होते. वकील भातखंड्यांना ते बंधन नव्हते. त्यांनी चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि छापल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरीस त्यांच्या पद्धतीचे विद्यालय निघाले. उज्जैन त्याच संस्थानात होते. म्हणूनच कचेरी सुटल्यावर नानाखेड्यातील एखाद्या घरी चार सहकारी पेटी-तबला घेऊन बसले आणि पुस्तकातून चीज बसवू लागले, तर त्यांच्यापुढे उघडे असते ते त्यांच्यासारख्याच एका हौशी सभासदाचे आयुष्यभराचे परिश्रम.