अपघात, पंचनामा आणि कलम : पोलीस गुन्हा कसा ठरवितात?

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर महिला ४ एप्रिल २०२५ रोजी ट्रॅक्टरने कामाला निघाल्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा मृत्यू झाला. मृत महिला हिंगोली जिल्ह्यातील असल्या तरी तपास नांदेड पोलिसांकडे गेला. कारण अपघाताचा तपास मृताच्या गावावरून ठरत नाही, तो घटना ज्या ठाण्याच्या हद्दीत घडली त्या ठाण्याकडे असतो. मात्र फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. तेथे ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठविली जाते. 'आमची हद्द नाही' हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा या महामार्गावर अपघात झाला की गंभीर जखमीला अनेकदा नांदेडला हलविले जाते. तेथील रुग्णालय पोलिसांना खबर देते व जबाब तिकडेच नोंदविला जातो. कागद मूळ ठाण्यात पोहोचेपर्यंत घटनास्थळी मात्र वाहने बाजूला होतात, काचा झाडल्या जातात, पाऊस पडला तर टायरच्या खुणाही पुसल्या जातात. खटल्याचे भवितव्य बरेचदा या पहिल्या काही तासांतच ठरते.

म्हणून घटनास्थळ पंचनामा हा तपासाचा कणा होय. रस्त्याची रुंदी, वळण, उजेड, ब्रेकच्या खुणांची लांबी, वाहने व मृतदेह नेमके कोठे होते, हे त्यात मोजमापासह यावे लागते. केवळ 'वाहन भरधाव होते' एवढी साक्ष पुरत नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश (१९९८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वेग जास्त होता एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तो परिस्थितीतून दाखवावा लागतो. पंचनाम्यासोबत मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल व मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल येतो. या शेवटच्या अहवालाने ब्रेक निकामी झाल्याचा चालकाचा बचाव टिकतो किंवा कोसळतो. चालकाने मद्य घेतल्याचा संशय असल्यास रक्ताचा नमुना तातडीने घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी असून उशीर झाला की मद्यांश उतरत जातो.

आता कलमांविषयी. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकार वाहन चालविण्यास कलम २८१, इजा झाल्यास कलम १२५ आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ (१) लागते. जुन्या ३०४-अ कलमात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, ती आता पाच वर्षांपर्यंत झाली. तरी गुन्हा जामीनपात्रच राहिला. अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे १०६ (२) हे पोटकलम जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर थांबविण्यात आले व इतर कलमांबरोबर अमलात आले नाही.

याहून गंभीर आहे ते कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. ते अजामीनपात्र असून खटला सत्र न्यायालयात चालतो. कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याची चालकाला जाणीव होती काय, हा येथे कळीचा प्रश्न असतो. मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ रोजी कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मरण पावले. सत्र न्यायालयाने ॲलिस्टर परेरा यास निष्काळजीपणाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली; उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुरावा बहुतांशी तोच, फरक पडला तो जाणिवेच्या प्रश्नावर. पोलिसांनी लावलेले कलम म्हणूनच अंतिम नसते. तपासात ते वाढविता येते आणि निकाल देण्यापूर्वी न्यायालय दोषारोप बदलू शकते.

ग्रामीण भागातील कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. दुचाकीस्वार मरण पावतो आणि गुन्हा त्याच्यावरच नोंदविला जातो. आरोपी मृत असल्याने खटला चालत नाही, प्रकरण मिटते. मृत माणूस आपली बाजू मांडू शकत नाही, हे तपासी अंमलदाराने विसरता कामा नये. शिवाय हाच कागद पुढे विमा कंपनी भरपाईच्या दाव्यात पुढे करते. अशा वेळी नातेवाइकांनी पंचनाम्याची प्रत मिळवून साक्षीदारांचे जबाब नोंदविण्याची लेखी मागणी करावी. ठाण्यात दाद न मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फौजदारी निकालाने बांधलेले नसते. तेथे पुराव्याची कसोटीही सौम्य असते. दाव्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली असल्याने फौजदारी निकालाची वाट पाहत बसू नये.

वाहन सापडलेच नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख व गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळण्याची २०२२ ची केंद्रीय योजना आहे. त्यासाठी अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो, पोलीस ठाण्यात नव्हे.