मोजणीतला माणूस

१९५७-५८ चे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष हे शीतयुद्धातले एक नवलच म्हणावे लागेल. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासह ६७ देशांचे वैज्ञानिक मिळून पृथ्वी मोजू लागले. याच उपक्रमात चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची नोंद सुरू केली. तेव्हा त्याचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत सुमारे ३१३ होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे.

आकडा वाढत होता; तो वाढवणारा माणूस मात्र बराच काळ या संयुक्त अभ्यासाच्या कडेलाच राहिला. जागतिक हवामान संशोधन कार्यक्रम १९८० मध्ये आणि भूमंडल-जीवमंडल कार्यक्रम १९८७ मध्ये आला. समाजशास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जागतिक बदलाच्या ‘मानवी परिमाणां’चा कार्यक्रम आखला तो १९९० मध्ये. निसर्गविज्ञानांची परिषद त्यात सहभागी व्हायला १९९६ उजाडले, आणि या दोन्ही परिषदा एक झाल्या त्या थेट २०१८ मध्ये.

वायू किती वाढला, हे उपकरण सांगते. तो कोणी वाढवला आणि त्याची झळ कोणाला लागते, हे सांगायला इतिहास आणि अर्थकारण लागते. हे प्रश्न एका छताखाली यायला साठ वर्षे लागली. तोवर आकडा थांबला नव्हता.